तोडणी कधी, ते मास्तरांना विचारा

सोमवार, ३

ताई फोनवर म्हणाली, रोज एवढं बोलून माझं डोकं खाऊ नकोस, वहीत लिही. म्हणून ही वही. खरं तर टाक्यांच्या नोंदीची जुनी वही आहे, भंगारात निघालेली. प्रत्येक पानावर तापमान, वेळ, सही असे तीन रकाने छापलेत. मी सरळ त्यांच्यावरून गाडी घातलीय.

वायनरीतला पहिला दिवस. चार वर्षांतली माझी नववी नोकरी. बेकरी, गॅरेज, लाँड्री, रंगाचं दुकान, फरशीवाला, कोंबड्यांचं शेड, सुतार, शीतगृह. आठ झाल्या ना? एकाही ठिकाणाहून मला कुणी काढलेलं नाही, हे मी ताईला नेहमी सांगतो. ती म्हणते, काढायला तू थांबतोस कुठे?

या वेळी तिने शब्द घेतलाय. द्राक्षांचा एक हंगाम, पहिल्या क्रेटपासून शेवटच्या क्रेटपर्यंत. चाळीस दिवस. तेवढे काढले तर भाऊजींसमोर मला 'पळपुट्या' म्हणणं बंद.

मालकीणबाईंनी कामावर घेताना भलतेच प्रश्न विचारले. शाळा किती झाली ते विचारलंच नाही. (बरं झालं. सातवी सांगायला जिवावर येतं.) विडी-तंबाखू? नाही. सारखी सर्दी होते का? नाही. जेवणात मीठ कमी पडलं तर कळतं का? म्हटलं, बाई, ताईने मीठ घातलंय की विसरली ते मला शेजारच्या खोलीतून कळतं. त्या हसल्या. म्हणाल्या, "मास्तरांच्या मागे मागे राहायचं. ते जातील तिथे." झालं. काम काय, ते सांगितलंच नाही.

बुधवार, ५

काम कळलं. टाक्या घासणं.

टाकीला खाली एक दार असतं, बेकरीतल्या भट्टीच्या तोंडाएवढं. त्यातून आत शिरायचं आणि ब्रशने घासायचं. इथले बाकी गडी अंगाने भरलेले, आत मावणारा मी एकटा. स्वयंपाकाच्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "अगं बाई! हा काडीपैलवान तर त्यातून आडवासुद्धा जाईल." तेव्हापासून मी काडी. तोंडावर पण काडी आणि पाठीमागे पण.

मास्तर म्हणजे इथले मुख्य. रस कधी काढायचा, कुठली टाकी कधी हलवायची, आणि सगळ्यात मोठं म्हणजे द्राक्षं कधी तोडायची, हे ते ठरवतात. बत्तीस वर्षं तेच ठरवतायत. कानावर पेन्सिल, खिशात वही, आणि टाक्यांशी बोलायची सवय. "काय गं, पोट भरलं का?" असं ते दोन पुरुष उंचीच्या पत्र्याच्या टाकीला विचारतात आणि उत्तराची वाटही बघतात.

मी बाहेर आलो तेव्हा मास्तरांनी विचारलं, "आत वास कसला येतो?"

"कसलाच नाही."

"नीट सांग."

"ओल्या पत्र्याचा. आणि लाँड्रीत सकाळी पहिलं मशीन उघडलं की येतो ना, तसा."

त्यांनी पेन्सिल काढून ते लिहिलं. "म्हणजे साबण राहिलाय. पुन्हा घास."

आता स्वतः डोकं आत घालून बघायला काय झालं होतं? अजून अडतीस दिवस.

शनिवार, ८

रोज सकाळी मास्तर मला बागेत नेतात. खालचा तुकडा पांढऱ्या द्राक्षांचा, तो आधी तोडायचा. वरचा तुकडा काळ्या द्राक्षांचा, जुने वेल, मनगटापेक्षा जाड. तो शेवटी. तिथल्या वाइनवर वायनरीचं नाव चालतं म्हणे.

प्रत्येक ओळीतून एक मणी तोंडात टाकायचा. साल वेगळी चावायची, बी वेगळी चावायची. बी हिरवी असेल तर तोंड वाकडं होतं. तपकिरी झाली की कडकन फुटते.

"गोड किती, आंबट किती, ते माझं मला कळतं," मास्तर म्हणाले. "बाकीचं सांग."

"बाकीचं म्हणजे काय?"

"तेच तर तुला विचारतोय."

पहिले वीस मणी मला द्राक्षासारखेच लागले. मग वैतागून जे सुचेल ते बोलायला लागलो. हे हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखं. ह्याच्यामागे फरशी बसवताना ओल्या सिमेंटचा येतो तसा वास. मास्तर उभेच राहिले. "सिमेंट!" म्हणाले आणि एकटेच हसले, कुणीतरी जुनं भेटल्यासारखे. "बस. परवा तोडू."

मला वाटतं ते माझी परीक्षा घेतायत. म्हातारी माणसं घेतात. अजून पस्तीस.

रविवार, ९

आज मावशींनी विनाकारण माझ्यावर तोंडसुख घेतलं. शेगडीवर दूध होतं. मास्तर शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत होते. मी अंगणात क्रेट रचत होतो. दूध करपून काळं झालं, वास माझ्यापर्यंत आला म्हणून मी धावलो, तेवढ्यात मावशीही धावल्या. मास्तर शांत, पान उलटतायत. तर मावशी मला म्हणाल्या, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" माझं? आणि मास्तरांना हळूच, "बाहेर बसा, उजेड चांगला आहे."

मास्तरांचे लाडही फार. आम्हाला मऊ पाव आणि त्यांना वेगळा, करकरीत भाजलेला. त्यावर मास्तर मिरपूड घालतात ती बघूनच मला शिंक येते.

सोमवार, १०

पहिली तोडणी! हात दुखतायत तरी लिहितो.

उजाडायच्या आत तोडणीवाल्या बायका आल्या. सूर्य चढायच्या आत घड थंडच प्रेसमध्ये, म्हणजे रस काढायच्या यंत्रात, पडले पाहिजेत, म्हणून सगळी पळापळ. एका बाईने माझ्या हातात कात्री देऊन सांगितलं, घड तोड, बोट सोड. मी अर्ध्या तासात बोट तोडलं. तिने फडक्याची पट्टी बांधली आणि ओरडली, "काडी मोडली गं!" अख्खी बाग हसली.

क्रेट उचलता उचलता पाठीचा पार भुगा. पण रस पहिल्यांदा प्रेसमधून बाहेर पडला तेव्हा सगळे हातातलं काम टाकून बघायला आले. हिरवट, गढूळ, दिसायला काही खास नाही. मास्तरांनी पेला भरून आधी मला दिला. "बाकीचं?" म्हटलं, पेरूची पानं चुरगळल्यासारखं. त्यांनी तो पेला घेतला, डोळे मिटून प्यायले. लिहायला विसरले.

एक नवा साहेब आलाय. त्याच्याकडे दुर्बिणीसारखं भिंग आहे, त्यावर रसाचा थेंब टाकला की साखर किती ते दिसतं. सगळे त्याला भिंगवाला म्हणतात. बाईंच्या दिरांनी शहरातून पाठवलाय. दीर अर्धे मालक. मावशी भांडी घासताना म्हणाल्या, "दिरांना वाटतं मास्तरांचं वय झालं. एक टाकी बिघडायची खोटी, की मास्तरांना हार घालून घरी पाठवतील. त्यांना घर तरी कुठंय इथल्याशिवाय?"

शुक्रवार, १४

आज माझा मोठा अपमान झाला.

जेवताना मास्तर आपली वही टेबलावर विसरून गेले. भिंगवाल्याने सहज उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला. "टाकी दोन. काडी म्हणतो, पिकलेलं केळं आणि बेकरीतलं पिठाचं पोतं." "टाकी एक. काडी म्हणतो, सुताराकडचा ताजा भुसा, पण ओला." सगळी पानं तशीच. काडी म्हणतो, काडी म्हणतो. भिंगवाला म्हणाला, "शास्त्र गेलं खड्ड्यात, इथे काडीचं शास्त्र चालतं!" लोक हसून हसून लोळले. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला ठसका लागला.

म्हणजे म्हातारा माझी गंमत लिहून ठेवत होता. संध्याकाळी वाचून हसत असणार. मी मूर्ख, मनापासून सांगत होतो.

आता ठरवलं. विचारलं की एकच उत्तर. ठीक. अजून एकोणतीस दिवस, ते पण कशाला? शहरात टायरच्या दुकानात माणूस हवाय असं ऐकलंय, मावशींना सांगूनही टाकलं.

सोमवार, १७

टाकी तीनवर चढलो तेव्हा कोंबड्यांचं शेड आठवलं. फुटलेलं अंडं कोपऱ्यात राहून जातं तसं. मास्तर माझ्या शेजारीच झाकणावर वाकून उभे होते, त्यांना वास आलाच असेल. वाइन होताना मध्ये असं होत असेल. विचारलं, "बाकीचं?" म्हटलं, "ठीक." त्यांनी लिहिलं, ठीक.

बुधवार, १९

आज वास जास्त. मी नाक धरून शिडी चढलो.

"बाकीचं?"

"ठीक."

मास्तर बघत राहिले. "नक्की?"

"तुम्ही इथेच उभे आहात की, मास्तर."

शिडी उतरताना त्यांचा हात कठड्यावर चाचपडत होता. दुपारभर कुठल्याच टाकीशी बोलले नाहीत. बरं झालं, म्हटलं. कळू दे त्यांनाही.

गुरुवार, २०

मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी बाई आल्या आणि दारातच थांबल्या. पदर नाकाला. "टाकी तीन," म्हणाल्या. सरळ चढून झाकण उघडलं, आणि मग खाली मास्तरांकडे बघितलं. भिंगवालाही आला. "हे आजचं नाही, तीन-चार दिवसांचं आहे," तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. मग फोन घेऊन बाहेर गेला. कुणाला लावला ते सांगायला नको.

बाईंनी विचारलं, "मास्तर, तीन दिवस कुणालाच कळलं नाही?"

मास्तरांनी वही काढली असती, "काडी म्हणतो ठीक" दाखवलं असतं, तर मी गेलो होतो. त्यांनी वही खिशातच ठेवली. "माझी चूक," म्हणाले. "यीस्ट उपाशी राहिलं की असा वास सोडतं. आजपासून खायला घालतो, हवा देतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन मावशींना म्हटलं, मास्तरांनी मला वाचवलं, पण मला कळत नाही, त्यांनी तीन दिवस तो वास घेतला आणि गप्प कसे बसले?

मावशींनी हातातला झारा आपटला. "अरे ठोंब्या! त्यांना वास येत नाही. मागच्या थंडीत ताप आला ना मोठा, त्यात गेला. काही म्हणजे काही येत नाही. दूध जळलं तेव्हा तुला कळलं नाही?"

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुला. बाहेर बोललास तर हाच झारा."

दूध. मिरपूड. करकरीत पाव. टाकीतला साबण. मी पायरीवर बसून एकेक आठवत राहिलो. त्यांना कशाचा म्हणजे कशाचा वास येत नव्हता, आणि मी रुसून ठीक म्हणत होतो.

शुक्रवार, २१

दिवसभर टाकी तीन. यीस्टला, म्हणजे रसाची वाइन करणाऱ्या खमिराला, त्याचं खाणं पाण्यात कालवून घातलं. मग रस खालून काढून मोठ्या घमेल्यात उंचावरून पडू द्यायचा, म्हणजे त्याला हवा लागते, आणि पंपाने पुन्हा वर. पाइप माझ्या हातात. दर तासाला मास्तर विचारत होते आणि मी खरं सांगत होतो. दहा वाजता सडकं अंडं. बारा वाजता उकडलेलं अंडं. चार वाजता काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा.

पाइप धुताना मी विचारलंच. "वास येत नाही हे मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला बरं वाटावं असं सांगितलं असतंस. मला खरं हवं होतं."

"आणि वहीत? माझी टिंगल?"

ते खरंच चकित झाले. "टिंगल? अरे, मला नावं सगळी येतात. लिंबू, लवंग, फुलं, बत्तीस वर्षांची यादी. पण नुसती नावं राहिलीत, आत काही हलत नाही. तू म्हणालास ओलं सिमेंट, आणि माझ्या वडिलांनी बांधलेली ओसरी डोळ्यांसमोर उभी राहिली. संध्याकाळी ती पानं वाचतो मी. हसायला नाही."

मी पाइप दोनदा धुतला. खाली बघायला काहीतरी हवं होतं.

"तू आठ नोकऱ्या सोडल्यास म्हणून लाजतोस," ते म्हणाले. "आठ ठिकाणचे वास घेऊन आलायस. मी एकाच ठिकाणी बसलो होतो."

ताईला हे सांगायचं होतं, पण तिला अर्धवट सांगता येत नाही आणि पूर्ण सांगायची परवानगी नाही.

रविवार, २३

टाकी तीन सुधारली. आज वास आला तो नासपतीचा. मी शिडीवरूनच ओरडलो, "नासपती!" खाली मावशी दचकून म्हणाल्या, "कुठे आलीत?" मास्तर टाकीला थोपटत म्हणाले, "बघ, नुसती भुकेली होतीस." बाईंनी मला नवे गमबूट दिले. माझ्याच मापाचे. एवढं नेमकं माप त्यांना कसं कळलं देव जाणे.

पण दिरांचं पत्र आलंय. वरचा तुकडा यंदा भिंगवाला सांगेल त्या दिवशी तोडायचा. बाईंनी उत्तर पाठवलं, आधी मास्तरांना विचारू.

गुरुवार, २७

आज जे केलं ते आधी लिहून टाकतो.

भिंगवाल्याने काल सांगितलं होतं, साखर बरोबर झाली, गुरुवारी तोडा. उजाडताना बावीस बायका कात्र्या घेऊन वरच्या तुकड्यात हजर. ट्रॅक्टर हजर. बाई हजर. मास्तर आणि मी ओळीच्या टोकाला.

"खा," मास्तर म्हणाले.

मी पहिल्या ओळीतला मणी खाल्ला. गोड होता, भरपूर. साल चावली. रंगाच्या दुकानात चुकून बोटाला लागलेलं तोंडात जायचं, तसं काहीतरी जिभेला चिकटून बसलं. बी चावली. टोकाला हिरवी. कडू. चौथी ओळ, नववी, शेवटची. सगळीकडे तेच. द्राक्ष गोड झालं होतं पण जागं झालं नव्हतं. असं मला वाटलं. कसं सांगायचं?

बावीस बायका माझ्याकडे बघत होत्या. सातवी पास माणूस, नववी नोकरी.

"नाही," मी म्हटलं. "चार दिवस तरी."

भिंगवाला हसला, पण वाईट नाही. "अरे बाबा, आकडा बघ. आकडा काय खोटं बोलतो? चार दिवसांत ऊन वाढलं तर आंबटपणा जाईल, मग वाइन पडेल सपाट. जबाबदारी कुणाची?"

"बी हिरवी आहे," मी म्हटलं. "आकड्यात बी नसते."

हे मी बोललो. मला आत्ता लिहितानाही खरं वाटत नाही.

बाईंनी विचारलं, "मास्तर? तोडायचं का?" विचारत मास्तरांना होत्या पण बघत माझ्याकडे होत्या. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून असेल.

मास्तरांनी एकही मणी तोडला नाही. हातसुद्धा वेलाकडे गेला नाही. "चार दिवस," म्हणाले.

भिंगवाला म्हणाला, "तुम्ही चाखलंसुद्धा नाही!"

"चाखलं की," मास्तर म्हणाले. "आत्ता सगळ्यांसमोर."

बाईंनी बायकांना परत पाठवलं, आधी न्याहारी करून जा म्हणाल्या. मावशींना बावीस जणींचे पाव भाजावे लागले, आणि प्रत्येक पावागणिक त्या मला एक शिवी घालत होत्या. एक पाव मात्र लोणी जास्त लावून माझ्यापुढे आपटला.

शनिवार, २९

ऊन. नुसतं ऊन. काल परवापेक्षा जास्त, आज कालपेक्षा. आठ वेळा वर जाऊन आलो. दुपारी वेलांखाली झोपून पानांच्या सावल्या मोजल्या. माझ्या एका 'नाही'वर मास्तरांची बत्तीस वर्षं टांगलीत. मी त्यांना म्हटलं, चुकलो असलो तर? ते म्हणाले, "तर आपण दोघं टायरच्या दुकानात." त्यांना ते कुणी सांगितलं? मावशी. दुसरं कोण.

आंबटपणा अजून आहे. मास्तर तेवढं जिभेवर बघतात आणि मान हलवतात. बाकीचं माझ्याकडे.

सोमवार, ३१

पहाटे बाईंनी बोलवायच्या आतच वर गेलो. मास्तर आधीच येऊन ओळीच्या टोकाला उपड्या क्रेटवर बसले होते. मागून बायका, ट्रॅक्टर, भिंगवाला. कुणी थट्टा केली नाही. तेच जास्त वाईट होतं.

पहिला मणी. साल जिभेवरून सुटली, चिकटली नाही. बी दाताखाली कडकन फुटली. चौथी ओळ, नववी. शेवटच्या ओळीपर्यंत मी पळतच गेलो.

भिंगवाल्यानेही एक खाल्ला. भिंगात बघितलं, परत एक खाल्ला. बी काढून तळहातावर धरली. "हं," म्हणाला आणि ती बी खिशात टाकली. इतकंच.

"आज," मी म्हटलं.

बाईंनी हात वर केला. पण मास्तर म्हणाले, "एक मिनिट." त्यांनी एक मणी तोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले आणि हळू हळू चावत राहिले. मग म्हणाले, "गोड आहे. आंबट आहे. बाकीचं सांग."

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. म्हटलं, आधी काळ्या मनुकांची बरणी उघडल्यासारखं. मग मागून पावसाळी छत्री उन्हात वाळत घातल्यावर येतो तसं, पण चांगलं. मग नवी कातडी चप्पल. मग, मास्तर, हे कसं सांगू, लहानपणी ताईच्या पाठीवर बसून घरी जाताना तिच्या मानेला उन्हाचा वास यायचा, तसं अगदी शेवटी, गिळून झाल्यावर.

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. "अजून," म्हणाले.

बायका कात्र्या घेऊन उभ्या होत्या. मावशी कुणाला तरी गप्प बस म्हणाल्या. मी आणखी एक मणी तोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.